पादचारी पट्ट्यांची उत्तरपूजा

माझी सारी नोकरी रस्त्यांच्या कामात गेली. या नोकरीत मी डांबराने माखलो, उन्हाने काळवंडलो, वरिष्ठांची बोलणी खाल्ली आणि परभणी जिल्ह्यातील बहुतेक फाट्यांवरचा चहा प्यालो. एवढ्या काळात ज्या एका कामाची मला लाजही वाटली आणि अभिमानही वाटला, ते काम लांबीने अवघे दहा-बारा पावलांचे होते. सेलू शहराबाहेर देवगाव फाट्याकडे निघणाऱ्या रस्त्यावर रंगवलेले ते पांढरे पट्टे होते. माणसांनी त्यांवरून चालत रस्ता ओलांडावा, एवढाच त्यांचा हेतू. परंतु त्यांच्यापायी मला एकदा भर रस्त्यात, वाहतूक थांबवून, देवांची क्षमा मागावी लागली.

थोडे स्वतःविषयी सांगणे भाग आहे, अन्यथा पुढील प्रकार वाचकांना वेडेपणाचा वाटेल. तो वेडेपणाचाच होता. पण त्याला परंपरा होती. वडील पुराण सांगत. बालपणी मी पाठशाळेत संथा घेतली, शब्दरूपे घोकली आणि पुढे पोटासाठी स्थापत्याची पदविका मिळवली. शाखा अभियंता झालो तरी सकाळची संध्या आणि देवपूजा सुटली नाही. रस्त्याखालची मोरी बांधायची असो वा खड्डा बुजवायचा असो, नारळ वाढवल्याशिवाय मी कामाला हात लावू दिला नाही. "शास्त्रीसायेब आले रे, आता खड्ड्याची मुंज व्हायलीय," असे मजूर माझ्या देखत म्हणत. मी रागावत नसे. मुंज झालेले खड्डेसुद्धा पुढच्या पावसाळ्यात पुन्हा उघडे पडत, हे त्यांनाही ठाऊक होते आणि मलाही.

पादचाऱ्यांसाठी पट्टे आखणे हे बाहेरच्या माणसाला रांगोळी काढण्याइतके सोपे वाटते. प्रत्यक्षात त्यात अभियंत्याचा अहंकार आडवा येतो. माणूस नेहमी सरळ रेषेत, आपल्या कामाच्या दिशेने रस्ता ओलांडतो. अभियंत्याला वाटते की पट्टे जिथे आखू तिथे तो वळून येईल. तो येत नाही. म्हणून माणसे जिथून जातात तिथेच पट्टे हवेत. आणि ती जागा अशी हवी की भरधाव येणाऱ्या चालकाला चालणारा माणूस लांबूनच दिसावा, म्हणजे त्याला गाडी आवरायला अवधी मिळतो. एवढे सगळे पुस्तकात असते. चालकाला गाडी आवरावीशी का वाटावी, हे मात्र पुस्तकात नसते.

त्या रस्त्यावर मी पहिल्यांदा पट्टे आखले ते कार्यालयात बसून, पट्टी आणि पेन्सिल घेऊन. नकाशाच्या उजव्या कोपऱ्यात खाली एक चौकट असते. तीत कामाचे नाव, मापाचे प्रमाण आणि सह्या करणाऱ्यांची पदे लिहितात. आमच्या नकाशात ही चौकट नेमकी महादेवाच्या मंदिरावर आली होती. मंदिर, त्याच्यासमोरचा नळ आणि बसथांबा, सगळे तिच्याखाली झाकले गेले. साक्षात शंकराच्या मस्तकावर मी 'तपासले' असे लिहून सही ठोकली. चौकटीच्या डावीकडे कागद मोकळा होता, तिथे पट्टे आखले. जागेवर पाहता तिथे वळण होते, विजेचा खांब होता आणि कापसाच्या जिनिंगची मागची भिंत होती. पट्ट्यांवरून जाणारा मनुष्य थेट भिंतीला जाऊन लागे. त्या पट्ट्यांचा उपयोग केवळ शेळ्यांना झाला. पांढरा रंग डांबराहून थंड राहतो, हे त्यांनी आमच्या खात्याच्या आधी ओळखले आणि रहदारी कमी असे तेव्हा दुपारची वामकुक्षी तिथे सुरू केली.

कालांतराने कार्यालयात एक अर्ज आला. मंदिरासमोरच्या नव्या वसाहतीतील एका शिक्षकांनी लिहिला होता. शेळ्यांची सोय उत्तम झाली असून आता माणसांचाही विचार व्हावा, अशी त्यात नम्र विनंती होती. मी तो अर्ज घेऊन निमूटपणे जागेवर गेलो.

रस्त्याच्या वसाहतीकडील कडेला एक वृद्ध बाई बेलाफुलांची टोपली घेऊन उभ्या होत्या. पलीकडे जाणाऱ्या प्रत्येकाला त्या अडवीत होत्या. "ओ भाऊ, तिकडं जायलाव ना? हे बेल धरा. तिसऱ्या पायरीवर ठेवा. मांडून ठेवा, फेकू नका." आणि लोक एका हाताने बेल धरून, दुसऱ्या हाताने धोतर सावरून, दोन ट्रकांच्या मधून पळत होते.

मी चौकशी करू लागलो तेव्हा त्यांनी मला नखशिखांत न्याहाळले.

"ते पट्टे मारणारे तुमीच का?"

"होय."

"शेळ्यांला कळले. मला न्हाई कळले."

त्यांचे नाव शिवकांताबाई. घराणे शिवभक्तांचे, गळ्यात इष्टलिंग. मंदिराच्या तिसऱ्या पायरीवर बसून त्या बेलफुले विकत. मागच्या पावसाळ्यात मंदिराकडे जाताना एका मोटारसायकलने त्यांच्या घोट्याला धडक दिली, तेव्हापासून त्या पलीकडे गेल्याच नव्हत्या. हाड जुळले होते, धीर जुळला नव्हता. त्यांचे सांत्वन करावे म्हणून मी म्हणालो, "शिव तर तुमच्या गळ्यातच आहेत. मंदिरात गेले नाही म्हणून काय बिघडले?"

"गळ्यातला देव माझा हाय, सायेब. पायरीवरचं गिऱ्हाईक गावाचं हाय."

तेवढ्यात त्यांचा मुलगा महालिंग आला. तो जिनिंगमध्ये कामाला होता.

"तुमीच सांगा सायेब हिला. श्रावणात ह्या रोडला लय गर्दी ऱ्हाती. बेल देता देता ही एक दिवस गाडीखाली जाईल. श्रावण लागायच्या आत मी हिला उदगीरला ताईकडं नेऊन सोडणार हाय."

"उदगीरला जाऊन काय करू? तिथं माझी पायरी हाय का?"

"तिथं पंखा हाय, टीव्ही हाय."

"मग तू जा की."

मायलेकांचा हा संवाद रोजचा असावा, कारण शेजारच्या चहाच्या हॉटेलातील मंडळींनी पेल्यातून मानही वर केली नाही. मला मात्र तो घोटा दिसत होता. माझ्या नकाशातील त्या चौकटीखाली मंदिराबरोबर तोही सापडला होता. मी बोलून गेलो, "बाई, श्रावणी सोमवारी तुम्ही चालत तुमच्या पायरीवर जाल. माझा शब्द." अभियंत्याने महिन्याचे नाव घेऊन शब्द देऊ नये. आमच्या खात्यात श्रावण कधीकधी माघात येतो.

"त्यापरीस एक बंपर टाका की हो," असे शिवकांताबाई म्हणाल्या. गतिरोधकाचा प्रस्ताव मी त्याच आठवड्यात वर पाठवला. वर असलेल्या शक्तींवर माझी श्रद्धा आहे. पण वर गेलेल्या फाईलवर ती ठेवून श्रावण गाठता आला नसता. म्हणून पट्टे योग्य जागी आखण्याच्या कामाला लागलो.

त्यासाठी प्रथम मोजणी करावी लागते. कोणत्या जागी किती माणसे रस्ता ओलांडतात आणि किती वाहने जातात, हे छापील तक्त्यात टिंबे-रेघा मारून भरायचे. मी शेजारच्या त्या रंगनाथच्या चहाच्या हॉटेलाबाहेर कडुलिंबाखाली बसलो. छापील तक्त्याला परभणी जिल्हा ठाऊक नव्हता. डोक्यावर उलटी बाज घेऊन जाणारा मनुष्य पादचारी धरावा की मालवाहतूक? सायकल हातात धरून तिच्याशी बोलत जाणारा गृहस्थ कोणत्या रकान्यात बसवावा? पहिल्याच दिवशी वरात आली. नवरदेव घोड्यावर होता, म्हणून त्याला मी वाहनांत धरले. परतताना तो नवरीसह पायी निघाला, तेव्हा पादचाऱ्यांत दोन वाढवले. विवाहाने मनुष्य जमिनीवर येतो, याची शासकीय नोंद माझ्याखेरीज कोणी केली असेल असे वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी आकडे एकाएकी फुगले. हॉटेलासमोरून माणसांची रीघ लागली. मी उत्साहाने रेघा मारीत होतो. मग लक्षात आले की लाल पटक्याचे एक आजोबा मला बराच वेळ ओळखीचे वाटत आहेत.

"आजोबा, आपण आत्ताच पलीकडे गेला होतात ना?"

"गेल्तो. कायतरी विसरलो म्हणून माघारी आलो."

"काय विसरलात?"

"तेबी विसरलो," असे म्हणून ते पुन्हा पलीकडे निघाले.

जिथे जास्त माणसे ओलांडतील तिथे पट्टे येणार, ही वार्ता रंगनाथला लागली होती. पट्टे हॉटेलासमोर आले तर गिऱ्हाईक आपसूक दारात येईल, असा त्याचा हिशेब. त्याने नियम घातला होता की पलीकडे जाऊन परत येईल त्यालाच चहा मिळेल. मी त्याला जाब विचारला.

"रंगनाथराव, हे काय मांडले आहे?"

"काय न्हाई सायेब. बसून बसून लोकांचे पाय आखडायलेत. जरा हिंडायलेत."

"तेच तेच लोक?"

"तेच तेच आखडायलेत."

मी तक्ता मिटून ठेवला आणि उठून रस्त्याच्या दोन्ही कडांची माती पाहत फिरलो. वसाहतीच्या गल्लीतून एक पाऊलवाट रस्त्यापर्यंत येत होती, गवत झिजून गुळगुळीत झालेली. पलीकडच्या कडेवर नेमकी तिच्यासमोरच दुसरी सुरू होऊन नळापाशी आणि मंदिराच्या पायऱ्यांपाशी जात होती. पाऊलवाटेला चहा पाजून फितवता येत नाही. अलीकडच्या पाऊलवाटेच्या टोकाला शिवकांताबाई टोपली घेऊन उभ्या होत्या. पट्ट्यांची जागा त्या इतके दिवस स्वतः उभ्या राहून दाखवीत होत्या, आणि मी रेघा मारीत होतो!

जागा ठरली. चालकांची दृष्टी अडवणारी बाभळीची झुडपे काढली. एका पुढाऱ्यांच्या वाढदिवसाचा फलकही हलवला. वाढदिवस केव्हाच उलटला होता, परंतु शुभेच्छा अजून वळणापर्यंत काही दिसू देत नव्हत्या. वळणावरचे जुने पट्टे काळ्या रंगाने बुजवले. शेळ्यांनी त्याविरुद्ध अर्ज दिला नाही.

रंगकामाला करीमभाई पेंटर होते. दुकानांच्या पाट्या आणि ट्रकांच्या पाठी रंगवण्यात त्यांचा हातखंडा. सरळ पांढरे पट्टे रंगवताना त्यांचा जीव गुदमरत होता.

"साब, भोत सूने लगते ये. किनारे पे एक-एक कमळ काढू?"

"नको, करीमभाई."

"मोर?"

"नियमात नाही."

संध्याकाळी पाहतो तर शेवटच्या पट्ट्याच्या कोपऱ्यात सुबक अक्षरांत 'करीम आर्ट्स' लिहिलेले. मी म्हणालो, "अहो, सरकारी रस्त्यावर कोणी सही करते का?"

"साब, तुमी तर नकाशे पे महादेव के ऊपर केली होती."

ही गोष्ट त्यांना मीच कौतुकाने सांगितली होती. सही तशीच राहू दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पूजा मांडली. पहिल्या पट्ट्यावर तांदूळ ठेवून कलश, सुपारीचा गणपती, वसाहतीतील स्त्रियांनी आणलेले हळदकुंकू, आणि शिवकांताबाईंच्या हातचा ताजा बेल. इथे अनभिज्ञ वाचकांसाठी एक खुलासा करतो. पूजेच्या आरंभी देवतेला आवाहन करतात, म्हणजे 'यावे, इथे बसावे' अशी विनंती करतात. पूजा झाल्यावर अक्षता वाहून 'आता आपल्या स्थानी जावे' अशी प्रार्थना करतात. तिला उत्तरपूजा म्हणतात. पाहुण्याला बोलावल्यावर निरोप द्यावा लागतो, तसेच हे. आवाहन झाले, उपचार झाले, नैवेद्य दाखवला, आणि अक्षता हातात घेणार तोच वरिष्ठांची जीप येऊन थांबली.

"शास्त्री, पालमच्या रस्त्यावर मोरी खचली आहे. बसा लवकर."

मी ओल्या हातांनी, उपरण्यासह, जीपमध्ये बसलो. तीन दिवस पालमकडेच होतो.

परत आलो तेव्हा मनात समाधान घेऊन त्या रस्त्याने निघालो. लांबून दृश्य पाहिले आणि डोळे भरून आले. देवगाव फाट्याकडून आलेला मालाने भरलेला ट्रक पट्ट्यांपाशी येऊन चक्क थांबला! त्यामागे टेम्पो थांबला. त्यामागे जीपगाडी. असे मी उभ्या नोकरीत पाहिले नव्हते. मग ट्रकच्या चालकाने कपाळाला हात लावला, डोळे मिटले, आणि गाडी हळूच पट्ट्यांवरून पुढे नेली. टेम्पोवाल्यानेही तेच केले. ओलांडायला मात्र पट्ट्यांवर चिटपाखरू नव्हते. माणसे पट्ट्यांपासून दहा पावले अंतर राखून, अलीकडून आणि पलीकडून, पूर्वीसारखीच गाड्यांमधून पळत होती. पट्ट्यांच्या जवळून जावेच लागले तर वहाणा हातात घेत होती. प्रत्येक पट्ट्यावर एकेक फूल होते. आणि लाल पटक्याचे ते आजोबा भर रस्त्यात पट्ट्यांना प्रदक्षिणा घालत होते.

मी धावत शिवकांताबाईंपाशी गेलो. त्या जिथल्या तिथेच टोपली घेऊन उभ्या होत्या.

"बाई, पट्टे तुमच्यासाठी आहेत. चाला त्यांच्यावरून!"

"त्यांच्यावरून? सायेब, तुमी देव बसवले आन् जीपमध्ये बसून गेलाव. त्यांला उठवलं कुणी?"

कलश मांडला होता त्या पट्ट्याकडे मी पाहिले.

"कलस आन् सुपारी मी उचलून देव्हाऱ्यात ठिवली," त्या म्हणाल्या. "पन निरोप द्यायचं काम माझं न्हाई. माझ्याच हातचा बेल वाहिलाय तिथं. त्याच्यावर माझाच पाय देऊ? घोटा गेला तर गेला, हे पाप नगं."

पाठशाळेत आवाहन आणि विसर्जन यांचे मंत्र मी एकाच सकाळी शिकलो होतो. आमच्या गुरुजींना हे कळले असते तर त्यांनी मला पुन्हा पहिल्या वर्गात बसवले असते. एका ट्रकचालकाला मी थांबवून विचारले, "उस्ताद, पायी जाणारे पाय देत नाहीत, मग आपण चाके कशी नेता?"

"पाय त्यो पाय हाय सायेब. चाकाची आमी दसऱ्याला पूजा करताव. पुजलेलं चाक पुजलेल्या जागेवरून गेलं, बिघडलं कुठं?"

एवढे बोलून त्याने कपाळाला हात लावला आणि गाडी पट्ट्यांवरून पुढे नेली.

महालिंगने उदगीरला जायचा दिवस ठरवला होता. श्रावण आठवड्यावर आला होता. वरिष्ठांनी फोनवर विचारले, "पट्टे झाले, मग लोक बाहेरून का चालतात?" खोटे बोलणे मला जमत नाही. मी सांगितले, "साहेब, देवता अद्याप उपस्थित आहेत." पलीकडून प्रश्न आला, "किती दिवस राहणार आहेत?"

दुसऱ्या सकाळी स्नानसंध्या आटोपून, पितांबर नेसून मी रस्त्यावर उभा राहिलो. दोन्हीकडची वाहतूक थांबली; तेव्हा ती आपण होऊनच थांबत होती. शिवकांताबाईंनी सुपारी आणली. मी ती पहिल्या पट्ट्यावर ठेवली, खोळंबा केल्याबद्दल हात जोडून देवांची क्षमा मागितली, अक्षता वाहिल्या आणि निरोपाचा मंत्र म्हणून सुपारी हलवली. सगळी वसाहत कडेला उभी होती. रंगनाथ पुढे झाला.

"गेले का?"

"गेले."

"समदे?"

"सगळे."

"न्हाई, म्हंजे एखादा माघं ऱ्हायला असला तर?"

मी वहाणा घातल्या आणि पहिल्या पट्ट्यावर पाय ठेवला. मग दुसऱ्यावर. मग वसाहत माझ्यामागे आली. पलीकडे पोहोचताच कोणी टाळ्याही वाजवल्या. शिवकांताबाई मात्र जागच्या हलल्या नाहीत. "सोमवारी म्हणलाव ना, सोमवारीच येते," एवढेच म्हणाल्या. त्या बाईंना माझ्याहून अधिक कळत होते.

कारण दुपार व्हायच्या आत पहिला ट्रक पट्ट्यांवरून न थांबता सुसाट गेला. त्यामागे दुसरा. तिसऱ्याला मी दोन्ही हात पसरून अडवले. तोच कालचा उस्ताद होता.

"उस्ताद, काल थांबलात, आज का नाही?"

"काल देव हुते सायेब. आज तुमीच त्यांला लावून दिले म्हणे. फाट्यावर समद्यांला कळलंय."

म्हणजे देव असताना गाड्या थांबत होत्या आणि माणसे चालत नव्हती. देव गेल्यावर माणसे चालू लागली आणि गाड्या थांबेनाशा झाल्या. माझ्या एका निष्काळजीपणाने रस्ता वाईट झाला होता, आणि ती चूक सुधारल्यावर तो आणखी वाईट झाला होता. पूर्वी लोक निदान जीव मुठीत धरून पळत. आता पट्ट्यांच्या भरवशावर सावकाश चालत होते. मी रंगनाथच्या बाकावर डोके धरून बसलो. त्याने न मागता चहा दिला, पलीकडे जाऊन येण्याची अट न घालता.

करीमभाई शेजारी येऊन बसले. त्यांनी बराच वेळ रस्त्याकडे पाहिले. "साब, गाडी को रोकने का वो अलग, आदमी ने चलने का वो अलग. दोनो काम एकीच पट्टे को कायको दिये?"

मी ताडकन उठलो. पट्ट्यांच्या दोन्ही बाजूंना, थोडे अलीकडे, वाहनांनी थांबण्यासाठी एक जाड आडवी रेघ असते. आराखड्यात ती होती. रंग संपला म्हणून रंगवायची राहिली होती. माणसाचा पाय तिच्यावर पडतच नाही. तिचा संबंध केवळ वाहनाशी असतो. म्हणजे हळदकुंकू वाहायची जागा ती होती!

पण संध्येला बसलो तेव्हा मन कचरू लागले. देवाला उन्हातान्हात रेघेवर बसवून हवालदाराचे काम द्यायचे, आणि या वेळी मुद्दाम निरोप द्यायचा नाही, हे मला मान्य होईना. डोळे उघडले तर सूनबाई दाराशी बसून उंबरठ्यावर हळदकुंकवाची बोटे ओढीत होती. आमच्याकडे हे रोज होते. तिथे कोणाला आवाहन नसते, म्हणून कोणाला निरोपही द्यावा लागत नाही. तरीही उंबऱ्यावर कोणी पाय देत नाही. मनुष्य तिथे क्षणभर थबकतो आणि मगच पुढे जातो. मला दुसरे काय हवे होते? थांबण्याची रेघ म्हणजे पट्ट्यांचा उंबरठा.

दोन दिवसांत करीमभाईंनी दोन्ही रेघा रंगवल्या. उंबऱ्याला कमळ चालते, असे त्यांनी मला पटवले आणि कडेला एकेक लहान कमळ काढले. नियमाविरुद्ध होते, पण मी त्या दिवशी चष्मा घरी ठेवला होता. वसाहतीतील स्त्रियांनी रेघांच्या टोकांवर, चालकांना दिसेल असे, हळदकुंकू लावले. उंबऱ्याची वार्ता फाट्यावर पोहोचवायला मी लाल पटक्याच्या आजोबांना पाठवले, कारण त्यांना जाऊन परत येण्याचा सराव होता. अहवालात मी लिहिले की स्थानिक पद्धतीने चालकांचे प्रबोधन करण्यात आले. त्यावर कोणी खुलासा मागितला नाही.

तरीही मला खात्री नव्हती. पहिल्या श्रावणी सोमवारी सकाळी मी तिथे पोहोचलो, तेव्हा कमरेत कळ यावी तसा भीतीने वाकलो होतो. महालिंगच्या हातात आईची पिशवी होती. "न्हाई जमलं तर हितूनच स्टँडवर जाताव," असे तो मला म्हणाला. आवाजात राग नव्हता. तोही घाबरलेला होता.

शिवकांताबाईंनी टोपली डोक्यावर घेतली. सेलूकडून एसटी येत होती, तिच्यामागे दोन ट्रक. समोरून टेम्पो. एसटीने वेग कमी केला. तिची पुढची चाके रेघेच्या बरोबर अलीकडे येऊन टेकली. टेम्पोही त्याच्या रेघेपाशी थबकला.

शिवकांताबाईंनी पहिल्या पट्ट्यावर पाय ठेवला. मग थांबल्या. मग दुसरा. दुखऱ्या घोट्याचे पाऊल त्या मोजून टाकीत होत्या. रस्त्याच्या मधोमध आल्या तोवर मागच्या ट्रकांनी भोंगे सुरू केले होते. एसटीच्या चालकाने खिडकीतून मान बाहेर काढली.

"मावशे, जरा पाय उचल की! टायमिंग चाललंय माझं!"

त्या जागच्या जागी उभ्या राहिल्या. टोपलीला एक हात लावून त्यांनी सावकाश मान वळवली.

"जल्मभर पळत पळत गेले रे बाबा ह्या रोडवरून. आज चालत जाऊ दे."

चालकाने त्यांच्याकडे पाहिले, रस्त्याचा उरलेला भाग पाहिला, आणि एसटीचे इंजिन बंद केले.